डेपोचं गवत उभं राहिलं तो आश्विन

आमच्या सोसायटीत गवत कापायचं यंत्र आलंय. सोनिवलीकडच्या या नव्या बिल्डिंगांमध्ये अंगणाला लॉन म्हणतात आणि त्यात पाय ठेवला की वॉचमन शिट्टी मारतो. काल सकाळी ते यंत्र घरघरलं आणि सातव्या मजल्यावर, चहाचा कप हातात असताना, कापल्या गवताचा वास नाकात शिरला. ओला, तुरट, मागून किंचित गोड. मी तीस वर्षं मागे गेलो. कप माझ्याबरोबर यायला तयार नव्हता, त्यामुळे चहा पायावर सांडला. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, आश्विन लागला.

पुढे जाण्याआधी एक सांगून ठेवतो. माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायची आमच्या गावात रीत आहे. माझ्या लग्नात भटजींनी मंत्र म्हणायला सांगितले, तेव्हा सासऱ्यांनी ते निम्मेच धरले म्हणतात. पण आज जे सांगणार आहे त्यात वजाबाकी जरा जपून करा. एकदा अशीच सरसकट वजाबाकी झाली होती आणि त्यात माझ्या आत्याची जमीन जात होती.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. गावाला लागून लष्कराचा डेपो. केवढा डेपो? एका गेटातून आत शिरलेला शिपाई दुसऱ्या गेटातून बाहेर पडेपर्यंत सुभेदार व्हायचा. सकाळी सातचा भोंगा झाला की गावात चुलीवर भात चढायचा, बाराच्या भोंग्याला ताटं वाढायची, आणि चारच्या भोंग्याला गेटावरची कुत्री शेपट्या सरळ करून उभी राहायची. गावात सलूनवाला एकच, गणपत, आणि जवानांची डोकी करून करून त्याला एकच कट येत होता. नवरदेव असो, भजनी बुवा असो, गणपतच्या खुर्चीतून उठला की सॅल्यूट ठोकावासा वाटायचा. शिंपी खाकी शिवायचा, म्हशी डेपोसाठी दूध द्यायच्या, आणि शनिवारी डेपोच्या पडद्यावर सिनेमा लागला की अख्खं गाव कुंपणाबाहेर बसून तो उलट्या बाजूनं बघायचं. आमच्या पिढीला नायक डावखुरेच वाटत आले.

पण ही जमीन डेपोची नव्हती. गावाची होती. मोठ्या लढाईत सरकारनं ती घेतली. लढाई संपली की परत, असं तोंडी सांगितलं होतं. भाताची खाचरं सपाट केली, बांध मोडले, झाडं पाडली. लढाई संपली, आणखी दोनतीन लढाया झाल्या, त्याही संपल्या. जमीन काही परत आली नाही. आली ती फक्त गवतापुरती.

डेपोत दारूगोळा. पावसाळ्यानंतर तिथं माणूसभर गवत माजायचं, आणि ते वाळण्याच्या आत कापणं भाग असायचं, कारण वाळलं गवत आणि दारूगोळा यांचं लग्न लागलं तर वऱ्हाड थेट वर जायचं. म्हणून दर आश्विनात गावाला पत्र्याचे बिल्ले मिळायचे. बिल्ला गळ्यात घालून आत जायचं, गवत कापायचं, भारे बांधायचे. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधले लछूशेठ ट्रक घेऊन यायचे आणि सगळं गवत म्हशींच्या तबेल्यांना न्यायचे.

आणि आमच्या लोकांची खोड बघा. लष्कराच्या लेखी ते सगळं एकच रान होतं. कुणीही कुठेही कापावं. पण गावातलं प्रत्येक घर फक्त आपल्या जुन्या खाचरावरचंच गवत कापायचं. बांध नव्हते, झाडं नव्हती, तरी. पलीकडचं गवत चांगलं असलं तरी तिकडं विळा जायचा नाही. कुणी ठरवलेलं नव्हतं, कुणी बोलायचं नाही. सुभेदारसाहेब गढवालकडचे, ते वर्षानुवर्षं बघायचे आणि म्हणायचे, तुम लोग घास नहीं काटते, पूजा करते हो.

हे मोजमाप व्हायचं एका धोंड्यावरून. माझी हिराआत्या, वडिलांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या आज्याचं, एक खाचर होतं, उंबरखाचर. त्याच्या कोपऱ्यावर बैलाएवढा धोंडा. बाकी सगळं सपाट झालं, तो तेवढा राहिला. लष्कराला जे हलत नाही त्याला चुना लावायची सवय, म्हणून तो दर वर्षी पांढराशुभ्र व्हायचा. कापणीच्या पहिल्या दिवशी गाव त्या धोंड्यापाशी जमायचं. आत्या धोंड्याला नारळ फोडायची आणि तिथून घरंच्या घरं पावलं मोजत पांगायची. कुंडलिकनानाची एवढी, पलीकडे त्याच्या चुलत्याची तेवढी. अख्ख्या गावाची जमीन त्या एका धोंड्याला बांधलेली होती.

आणि तो धोंडा मी हलवला.

हे वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली, त्यामुळे क्षणभर थांबतो. खाली लॉनच्या कडेनं सोसायटीनं पांढरे रंगवलेले दगड लावलेत, एका रांगेत. मी त्यांच्याकडे बघत नाही.

तेव्हा मी डेपोत रंगारी होतो, रोजंदारीवर. पाट्या रंगवायच्या, झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना. डेपो बंद व्हायच्या दोन वर्षं आधी कुणी बडे साहेब पाहणीला येणार होते. त्यांच्या स्वागताला काय काय रंगवलं म्हणाल तर कोळसाही पांढरा केला. रस्त्याच्या कडेचे दगड दोरी लावून सरळ केले. सुभेदारसाहेब एक डोळा मिटून रांग बघत होते, आणि त्यांना त्या रांगेपासून बाजूला, गवतात, तो धोंडा दिसला.

"ये पत्थर लाइन में नहीं है," ते म्हणाले.

एवढंच. चार जणांनी पहारी घातल्या आणि धोंडा लोळवत चाळीस पावलं आणून रांगेत बसवला. मी त्याला चुना लावला. दोन हात दिले, चांगला चकचकीत. खड्डा पावसात भरला, त्यावर गवत आलं. माणूसभर गवतात चाळीस पावलं म्हणजे काय, चार तालुके. आश्विनात गाव जमलं, धोंड्यापाशी नारळ फुटला, पावलं मोजली गेली, आणि सगळं गाव चाळीस पावलं सरकून कापायला लागलं. कुणाला पत्ता नाही. फक्त आत्या पहिलं मूठभर कापून थांबली, गवत हुंगलं आणि म्हणाली, यंदा गवत बदललंय. मी म्हटलं, पाऊस कमी झाला.

का नाही सांगितलं? तसं कारण फारसं मोठं नाही. गवतच तर होतं.

मग नव्वदच्या आसपास एके दिवशी बातमी आली की डेपो बंद होणार. आधी ट्रक भरून दारूगोळा गेला, मग जवान गेले, मग कँटीनच्या खिडकीला फळ्या ठोकल्या. शनिवारचा पडदा गेला. गणपतनं दोन महिने दुसरा कट शिकायचा प्रयत्न केला, पण हात वळेना. शेवटी दुकान बंद करून तो अंबरनाथला कारखान्यात हेल्पर लागला. शिंप्याकडे खाकीचे तागे पडून राहिले. त्या वर्षी गावात उशांचे अभ्रे खाकी होते. आणि एका सकाळी सातचा भोंगा वाजला नाही. बायका चुलीपुढे तांदूळ धुऊन बसून राहिल्या. आठ वाजले तरी गावात कुणी भात ठेवला नव्हता.

पण गाव रडत नव्हतं. उलट गावाच्या अंगात आलं होतं. तहसीलकडून सांगावा आला होता की जमिनीची मोजणी होणार. ज्याची त्यानं आपली हद्द जागेवर उभं राहून दाखवायची. जुन्या नकाशाशी खूण जुळली तर दाव्याला नाव लागेल. नाही जुळली तर "ओळख पटत नाही" असा शेरा. एकदाच. पुन्हा मोजणी नाही.

आत्यानं बापाचं जुनं उपरणं पेटीतून काढून धुतलं. मोजणीच्या दिवशी ते खांद्यावर टाकून धोंड्यापाशी उभी राहणार होती. तिला मूल नव्हतं, घर भावाचं होतं. आयुष्यात तिच्या नावावर बसायचा पाटसुद्धा नव्हता. बापानं तिलाच बोललेल्या उंबरखाचराला तिचं नाव लागलं की पहिली पेरणी कशाची करायची, हे ती रोज बदलायची. मी जेवायला बसलो की मला सांगायची. मी खाली मान घालून भात कालवत राहायचो.

त्यातच लछूशेठ ट्रकाशिवाय आले. या वर्षी बिल्ले नाहीत, गवत नाही, हे त्यांना कळलं होतं. फक्त भेटायला आले होते. लष्कर गेलं आता, आपली जमीन येईल, असं कुंडलिकनाना त्यांना छाती फुगवून सांगत होता. लछूशेठनी बशीतला चहा फुंकला.

"साईं, मेरी पैदाइश बॅरक की है," ते म्हणाले. "उल्हासनगर भी तो फौज का कॅम्प था. फौज गई, तो हम आए. जिनकी जमीन थी, उनको मैंने कभी देखा ही नहीं." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "फौज जाती है तो कोई ना कोई आता है. वो तुम ही हो, ये पक्का कर लो."

त्या दिवशी मी ठरवलं. शाळेच्या पडवीत गावाची बैठक होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. धोंडा, पहारी, चाळीस पावलं, चुन्याचे दोन हात.

मग कुंडलिकनाना हसला, आणि त्याच्यामागे सगळी पडवी. चूक त्यांची नव्हती. पंधराच दिवसांपूर्वी मी याच पडवीत सांगितलं होतं की डेपोतल्या अजगरानं एक जीप गिळली आणि रात्रभर त्याच्या पोटातून हॉर्न वाजत होता.

"त्या अजगरानं धोंडा पन गिलला व्हता का रं, बाल्या?" नाना म्हणाला.

मी शपथ घेतली. त्यावर आणखी हसले, कारण अजगराच्या वेळीही मी शपथ घेतली होती. एकटी आत्या हसली नाही. खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती. घरी गेल्यावर एक शब्द बोलली नाही. वाढलं, पाणी दिलं, भांडी घासली. पेरणीची गोष्ट त्या दिवसापासून बंद झाली.

असा आश्विन मी पुन्हा पाहिला नाही. ऊन टोचायचं. कुंपणापलीकडे गवत उभंच. दर वर्षी या सुमाराला ते आडवं झालेलं असायचं, भाऱ्यांची रांग लागलेली असायची. आता ते नुसतं पिकत होतं. वारा आला की सगळं रान एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचं. त्याचा आवाज घरात यायचा. लोक कुंपणाशी येऊन बघत बसायचे, विळे घरी दाराआड अडकवलेले. मी दोनदा आत शिरून जुना खड्डा शोधायला गेलो. दोन्ही वेळा मागे ठेवलेल्या दोन पहारेकऱ्यांपैकी एकानं हाकलून काढलं. अंगभर कुसळं टोचली. ती काढताना आत्या शेजारी बसली, एकेक उपटत राहिली, आणि तरीही बोलली नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी मला डेपोतलं शेवटचं काम मिळालं. पाण्याच्या उंच टाकीवर डेपोचं नाव होतं, मीच कधी तरी रंगवलेलं. ते पांढऱ्या रंगानं पुसून टाकायचं. टाकी केवढी उंच? वरून कल्याणची खाडी दिसायची आणि खाडीतले मासे वर बघायचे. शिडी चढून मी पहिलं अक्षर पुसलं, घाम पुसायला मागे वळलो, आणि खाली बघितलं.

हिरव्या रानात पिवळ्या रेघा होत्या.

सरळ, वाकड्या, एकमेकींना मिळणाऱ्या. आधी वाटलं, रंगाचा वास डोक्यात गेला. डोळे चोळले. रेघा तशाच. मग हळूहळू उमगलं. बांध वरून मोडले होते, पण त्यांची उंच, कोरडी माती तिथंच होती. बांधावरचं गवत आधी वाळलं होतं. खाचरात पाणी मुरायचं, तिथलं अजून हिरवं होतं. इतकी वर्षं आम्ही गवत हिरवं असतानाच कापत आलो, त्यामुळे ते कधी दिसलंच नव्हतं. या वर्षी कापायला कुणी आत जाऊ दिलं नाही, म्हणून गवतानं आज्यापणज्यांचा नकाशा काढून ठेवला होता. आणि माझा पांढरा धोंडा एका हिरव्या चौकोनाच्या मधोमध बसला होता, कुणाशीही संबंध नसल्यासारखा.

मी शिडी उतरलो की पडलो, आठवत नाही. घरी पोचून आत्याला सांगितलं.

"आजून येक अजगर का?" ती म्हणाली. दहा दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं मला हलवून उठवलं. नेसूचा काष्टा घट्ट खोचलेला, उपरणं खांद्यावर, विळा कमरेला. म्हणाली, चल. टाकीखाली पहारेकरी जवान आडवा आला. पोरगेलासा, त्याच सुभेदाराच्या मुलखातला.

"माताजी, ऊपर जाना मना है."

"तू पन चल," आत्या म्हणाली आणि चढायला लागली.

पासष्ट वर्षांची बाई, हाताला घाम, शिडीचे गज गंजलेले. खालून मी, माझ्याखालून बंदूक पाठीला लावलेला जवान. अर्ध्यावर तिचा पाय सटकला, टाच माझ्या कपाळावर आदळली, आणि आम्ही तिघंही तसेच थांबलो. वर तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, आत्या, उतरू या, माझ्यावर विश्वास नको ठेवू. तिनं पुढचा गज धरला.

वर पोचल्यावर तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला. मग बोट करून एकेक नाव घ्यायला लागली. ह्यो कुंडलिकच्या बापाचा. ह्यो शिवऱ्याचा. थयं पानी यायचा. थयं आई मना दूध पाजाला बसायची. त्यातली बहुतेक माणसं मी पाहिलेलीही नव्हती. शेवटी बोट एका चौकोनावर आलं आणि तिथंच राहिलं. जवानानं त्या बोटाकडे बघितलं, रानाकडे बघितलं आणि टोपी काढली.

मोजणीवाले साहेब दहाला आले, फळी, साखळी आणि पिवळा पडलेला नकाशा घेऊन. गाव पांढऱ्या धोंड्यापाशी गोळा झालं होतं. आत्या आली आणि धोंड्याकडे न बघता पुढे निघाली.

"हिरे, धोंडा हिकडं हाय," कुंडलिकनाना ओरडला.

ती वळली नाही. गवत तिच्या डोक्यावरून जात होतं. आम्हाला दिसत होता तो फक्त गवताचा हलणारा शेंडा. मी मनात पावलं मोजत होतो. तीस. पस्तीस. चाळीस. शेंडा हलायचा थांबला. विळ्याचा आवाज आला, खसाखस, आणि गवत रेघेवर आडवं पडत गेलं. त्याखाली जमीन हातभर उंच होती, आणि उंचवट्यात जुन्या बांधाचे दगड, शेवाळलेले, एकावर एक रचलेले.

साहेबांनी साखळी लावली, नकाशा फिरवला, पुन्हा लावली. फळीवर पेन्सिल टेकली तेव्हा तिचा आवाज मला ऐकू आला. "जुळतंय," ते म्हणाले. गाव त्यांच्या मागे गवतात शिरलं, नाना सगळ्यात पुढे. संध्याकाळपर्यंत एकेक घर आपापल्या रेघेवर उभं राहत गेलं.

सगळं लिहून झाल्यावर साहेबांनी मान वर केली आणि चाळीस पावलांवरच्या त्या पांढऱ्या धोंड्याकडे बोट केलं. म्हणाले, बाई, गाव तर सगळं तिथं उभं होतं. मग तो धोंडा कसला?

आत्यानं माझ्याकडे बघितलं. पडवीत बघितलं होतं तसंच.

"तो लष्कराचा," ती म्हणाली. "न्याचा ऱ्हायला त्यांचा."

कागदावर नाव लागलं. जमिनीला मात्र कुंपण लागलं, आधीच्यापेक्षा उंच. पाटी बदलली, पुन्हा बदलली. आता मी रंगारी नव्हतो, त्यामुळे कुणी कुणाचं नाव पुसलं ते कळलं नाही. दाव्याची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. आत्या दर आश्विनात विळा पाजळून दाराआड अडकवायची आणि दिवाळीनंतर काढून ठेवायची. ती गेली तेव्हा त्या नावाचा उतारा तिच्या उशाखाली होता, खाकी अभ्र्यात. लछूशेठची आठवण झाली. कोई ना कोई आता है. एका कडेनं बिल्डिंगा आल्या, त्यांतल्याच एकीत मी आलो. मीसुद्धा कोई ना कोई.

पण रानाचा मोठा तुकडा कुंपणात अजून मोकळा आहे, आणि तिथलं गवत कुणी कापत नाही. लोकांनी सातवा मजला घेतला तो वाऱ्यासाठी. मी का घेतला ते बायकोलाही खोटंच सांगितलंय. काल चहा पुसून झाल्यावर मी गच्चीवर गेलो. ऊन टोचत होतं. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. कुंडलिकनानाची रेघ आता पार्किंगखाली गेली, शिवऱ्याची निम्मी उरली. उंबरखाचर आहे. चारही बाजूंनी.

सोसायटीत हे मी दोघातिघांना सांगितलं. ते हसले, त्यांना अजगराची गोष्टही मीच सांगितली होती. तुम्हालाही खोटं वाटत असेल तर गच्चीवर या, चहा माझ्याकडे. फक्त दिवाळीच्या आधी या. नंतर सगळं रान एकाच रंगाचं होतं.